कूपर मंत्रिमंडळ, १९३७: सभागृहाचं तोंड न पाहिलेलं सरकार

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सातारा भागातल्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेत मुंबई प्रांताच्या मुख्यमंत्र्यांची यादी छापायची आहे. काही याद्या बाळासाहेब खेरांपासून सुरू होतात, तर काहींत त्यांच्या आधी सर धनजीशा कूपर हे नाव दिसतं. हे मंत्रिमंडळ खरोखर होतं का, त्यात कोण कोण होतं, बहुमत नसताना ते बसलं कसं आणि इतक्या लवकर का पडलं?

होतं. १ एप्रिल १९३७ ला ते अधिकारावर आलं आणि १९ जुलै १९३७ ला खेरांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली तेव्हा संपलं. जेमतेम साडेतीन महिने. मंत्री चारच: स्वतः कूपर, जमनादास मेहता, सर सिद्दप्पा कांबळी आणि हुसेनअली रहिमतुला. या पदाला तेव्हा पंतप्रधान किंवा मुख्य प्रधान म्हणत, पण काम आजच्या मुख्यमंत्र्याचंच. तेव्हा यादीत पहिलं नाव कूपर यांचं आणि दुसरं खेरांचं. स्मरणिकेपुरतं एवढं पुरेसं आहे.

मात्र ते सरकार पडलं असं छापू नका. सरकार पडायला सभागृह भरावं लागतं, कुणीतरी ठराव आणावा लागतो, मतं मोजावी लागतात. कूपर मंत्रिमंडळाच्या बाबतीत यातलं काहीच घडलं नाही. मी प्रांतिक विधिमंडळांच्या कागदपत्रांवर बरीच वर्षं काम करतो आणि विद्यार्थ्यांना हा काळ शिकवतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच की कूपर यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव विधानसभेच्या कामकाजाच्या कुठल्या खंडात सापडेल. तो कुठल्याच खंडात नाही, कारण त्यांच्या कारकिर्दीत विधानसभेची एकही बैठक झाली नाही.

हे समजायचं तर निवडणुकीपासून सुरुवात करायला हवी.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने, म्हणजे ब्रिटिशांनी दिलेल्या नव्या घटनेने, प्रांतांमधली द्विदल राज्यपद्धती गेली. त्याआधी काही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे असत, आणि अर्थ, महसूल, पोलीस अशी वजनदार खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. आता सगळी प्रांतिक खाती मंत्र्यांकडे येणार होती. १९३६ मध्ये सिंध वेगळा झाला होता. राहिलेल्या मुंबई प्रांतात गुजरातचे ब्रिटिश जिल्हे, मुंबई, कोकण, खानदेश, देश आणि धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे कानडी जिल्हे होते. विधानसभेच्या जागा १७५. सर्वसाधारण ११४, आणि त्यातल्या १५ अस्पृश्य वर्गांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुसलमानांच्या २९, स्त्रियांच्या ६, मजुरांच्या ७, व्यापारउद्योगाच्या ७, शिवाय युरोपियन, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती, आदिवासी, जमीनदार, विद्यापीठ. मराठ्यांना राखीव जागा होत्या हे आज अनेकांना ठाऊकच नसतं. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांपासून ती तरतूद चालत आली होती.

१९३७ च्या सुरुवातीला झालेल्या निवडणुकीत काँग्रेसने ८६ च्या घरात जागा जिंकल्या. स्पष्ट बहुमताला एकदोन कमी. पण बाकीचे सगळे तिच्या मानाने फारच मागे होते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे चौदा-पंधरा, मुस्लिम लीगचे वीसच्या आतबाहेर, आणि उरलेले अपक्ष, ब्राह्मणेतर पक्षाचे, लोकशाही स्वराज्य पक्षाचे. सरळ हिशेबाने सरकार काँग्रेसचं व्हायला हवं होतं.

काँग्रेसने नेताही निवडला होता. मुंबईत सगळ्यांची अटकळ होती की के. एफ. नरिमन होतील, कारण शहरात त्यांचा दबदबा मोठा. झाले बाळ गंगाधर खेर, रत्नागिरीकडचे, मुंबईत सॉलिसिटर, मितभाषी. नरिमन यांनी याचा ठपका वल्लभभाई पटेलांवर ठेवला आणि त्या वादाची चौकशी पुढे खुद्द गांधीजी आणि कायदेतज्ज्ञ डी. एन. बहादुरजी यांच्यापर्यंत गेली. निष्कर्ष नरिमनांच्या विरोधात गेला. हा वाद इथे लांबवत नाही, पण एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. काँग्रेसने पारशी नेत्याला डावलल्याची बोंब चालू असतानाच प्रांताचा पहिला पंतप्रधान पारशीच झाला, आणि तोही काँग्रेसबाहेरचा.

मार्च १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय काँग्रेस कमिटीने ठरवलं की सत्ता घ्यायची, पण एका अटीवर. मंत्र्यांच्या घटनात्मक कामकाजात आपले खास अधिकार वापरून ढवळाढवळ करणार नाही आणि त्यांचा सल्ला बाजूला सारणार नाही, असं गव्हर्नरने आधी सांगायला हवं. अट हवेतली नव्हती. १९३५ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाने शांतता-सुव्यवस्था, अल्पसंख्याकांचे हितसंबंध, सनदी नोकरांचे हक्क अशा बाबतींत गव्हर्नरवर खास जबाबदारी टाकली होती. एखादी बाब त्या जबाबदारीत येते का, हे ठरवणाराही तोच. म्हणजे मंत्र्याने घेतलेला जवळजवळ कुठलाही निर्णय 'सुव्यवस्थेला धोका' म्हणून उलटवता आला असता. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न (मुंबईतलं स्टेडियम यांच्याच नावाचं) यांनी खेरांना बोलावलं, खेरांनी हमी मागितली, ब्रेबोर्न म्हणाले की कायद्याने घातलेली जबाबदारी मला झटकता येत नाही. खेरांनी नकार दिला. काँग्रेसचं बहुमत असलेल्या प्रांतांत सगळीकडे हाच प्रसंग कमीअधिक याच संवादांनी घडला.

आता ब्रेबोर्न यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, ९३ व्या कलमाखाली प्रांताचा कारभार स्वतःच्या हातात घेणं. पण प्रांतिक स्वायत्तता ज्या दिवशी सुरू होणार त्याच दिवशी ती मोडीत निघाल्याचं जाहीर करणं लंडनला परवडणारं नव्हतं. दुसरी वाट ५१ व्या कलमाची: मंत्री गव्हर्नरने निवडायचे, त्यानेच बोलवायचे, आणि त्याची मर्जी असेपर्यंत त्यांनी राहायचं. त्या कलमात बहुमत हा शब्दच नव्हता. बहुमताची गोष्ट होती ती गव्हर्नरला दिलेल्या सूचनापत्रात: विधिमंडळाचा विश्वास सांभाळू शकतील अशी माणसं घ्या आणि शक्यतो महत्त्वाच्या अल्पसंख्य समाजांनाही स्थान द्या. पण सूचनापत्र म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या आधारावर कुणाला कोर्टात जाता येत नव्हतं. कूपर मंत्रिमंडळ उभं राहिलं ते या दोहोंमधल्या फटीत. कायदेशीर होतं का? होतं. लोकांचं होतं का? नव्हतं. या दोन प्रश्नांची उत्तरं एकच असायला हवीत असं धरून चाललं की या काळाचं वाचन बिघडतं, आणि पाठ्यपुस्तकांत ते बरेचदा बिघडलेलं असतं.

उरलेल्या तरतुदीही अशा सरकारला सोयीच्याच होत्या. नवी घटना अमलात येताना पहिल्या महिन्यांचा खर्च विधिमंडळाच्या मंजुरीवाचून चालावा अशी सोय केलेली होती. मंत्र्यांचे पगार विधिमंडळाने कायदा करेपर्यंत गव्हर्नरने ठरवायचे होते. विधिमंडळाचा सभासद नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकत होता. हेच सहा महिने आज आपल्या संविधानाच्या १६४ व्या कलमात आहेत, आणि आमदार नसलेल्या मुख्यमंत्र्याची शपथ टीव्हीवर पाहताना आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. थोडक्यात, सभागृह न बोलावता काही काळ राज्य करता यावं एवढा दोर कायद्यानेच सोडून ठेवला होता.

नव्या घटनेच्या निषेधासाठी काँग्रेसने १ एप्रिलला देशभर हरताळ पुकारला होता. त्याच दिवशी मुंबईत कूपर मंत्रिमंडळ अधिकारावर आलं.

आता माणसांकडे येतो. अल्पायुषी सरकारचं मंत्रिमंडळ वाचताना मी विद्यार्थ्यांना सांगतो की खाती नंतर बघा, आधी हा माणूस कुठून आला आणि त्याच्यामागे किती लोक होते ते बघा.

धनजीशा बोमनजी कूपर साताऱ्याचे. तुमच्या स्मरणिकेचे वाचक त्यांना सातारारोडच्या कारखान्यामुळे ओळखत असतील: लोखंडी नांगर, पुढे डिझेल इंजिनं. किर्लोस्करवाडीचा नांगर आणि कूपरचा नांगर अशी स्पर्धा दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने पाहिलेली आहे. जातीने पारशी, धंद्याने कारखानदार आणि राजकारणाने ब्राह्मणेतर पक्षाचे, हे मिश्रण परक्याला विचित्र वाटेल, साताऱ्याच्या माणसाला वाटणार नाही. सत्यशोधक चळवळीचं ते मोठं केंद्र, जिल्हा लोकल बोर्डाचं राजकारण तिथे ब्राह्मण-ब्राह्मणेतर याच रेषेवर चाले, आणि कूपर यांनी त्यात पैसा, ओळखी आणि कर्तबगारी तिन्ही ओतली. प्रबोधनकार ठाकरेही काही काळ त्यांच्या आधाराने सातारारोडजवळच्या पाडळीला छापखाना घेऊन होते. मग दोघांचं बिनसलं, आणि प्रबोधनकारांचं कुणाशी बिनसलं की ते कागदावर उतरल्याशिवाय राहत नसे. द्विदल राजवटीत कूपर आधी मंत्री होते आणि मग गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात. म्हणजे १९३७ मध्ये ब्रेबोर्न यांनी नवखा माणूस शोधला नाही. रोज फायली घेऊन समोर बसणाऱ्यालाच त्यांनी वरची खुर्ची दिली.

अडचण अशी की ज्या पक्षाच्या नावावर कूपर उभे होते तो पक्ष तोवर आतून पोखरला गेला होता. १९२० च्या दशकात भास्करराव जाधवांसारखे नेते याच पक्षाच्या जोरावर मंत्री झाले. १९३० च्या सत्याग्रहानंतर केशवराव जेधे आणि त्यांच्याबरोबरची तरुण मंडळी काँग्रेसमध्ये गेली आणि खेड्यापाड्यांतला बहुजन समाजही त्यांच्यामागे वळला. १९३७ ला ब्राह्मणेतर पक्षाकडे पुढारी होते, पदव्या होत्या, सरकारदरबारी वजन होतं. मतदार दुसरीकडे गेला होता. कूपर यांना निव्वळ गव्हर्नरचं बाहुलं म्हणून निकाली काढणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. एका खऱ्या चळवळीचा तो शेवटचा सत्ताधारी पुढारी होता. फक्त त्याला सत्ता मिळाली ती चळवळ ओसरल्यावर.

सर सिद्दप्पा तोटप्पा कांबळी हे धारवाडकडचे लिंगायत पुढारी, तेही ब्राह्मणेतर पक्षाचे आणि तेही आधीच्या राजवटीत मंत्री राहिलेले. हुसेनअली रहिमतुला मुंबईच्या व्यापारी खोजा समाजातले, महापालिकेच्या राजकारणात वाढलेले. सूचनापत्रातल्या 'अल्पसंख्य समाजांना स्थान' या वाक्याची पूर्तता त्यांच्या नावाने झाली. या दोघांवर इथे अधिक लिहिण्यासारखं नाही. साडेतीन महिन्यांत त्यांच्या खात्यांतून दूरवर पोचेल असं काही निघालं नाही, आणि निघायला वेळही नव्हता.

जमनादास मेहता मात्र वेगळं प्रकरण. गुजराती बॅरिस्टर, पण राजकारण टिळकांच्या गोटातलं, नरसिंह चिंतामण केळकर आणि भोपटकर यांच्या बरोबरीचं. रेल्वे कामगारांच्या संघटनेचे पुढारी, मुंबईचे महापौर राहिलेले. ते ज्या लोकशाही स्वराज्य पक्षाचे, त्याचं धोरण जुनं प्रतियोगी सहकारितेचं: मिळेल ते घ्या, उरलेल्यासाठी भांडा. त्यामुळे काँग्रेसने नाकारलेलं मंत्रिपद घेताना त्यांच्या मनाला बोचण्याचं कारण नव्हतं. उलट त्यांच्या पक्षाची वीस वर्षांची भूमिकाच ती होती. त्यांच्याकडे अर्थखातं आलं. अर्थमंत्री झाले, पण अर्थसंकल्प मांडायला सभागृहच भरलं नाही. तो मान पुढच्या सरकारातल्या अण्णासाहेब लठ्ठे यांना मिळाला. (लठ्ठे हेही मूळचे ब्राह्मणेतर चळवळीतले, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात वाढलेले आणि आता काँग्रेसचे अर्थमंत्री. माणसं कुठून कुठे सरकली ते या एका नावात दिसतं.)

पण कूपर मंत्रिमंडळाने केलेली जी एक गोष्ट टिकली, ती मेहतांमुळे. विनायक दामोदर सावरकर जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून सुटले ते दोन बंधनांसह: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची होती. ती पुन्हापुन्हा वाढवत नेली आणि स्थानबद्धता तेरा वर्षं चालली. १० मे १९३७ ला ही बंधनं बिनशर्त उठली. मंत्रिमंडळात येतानाच मेहतांनी ही अट घातली होती, असं सावरकरांच्या चरित्रांतून सातत्याने येतं, आणि दोघांचे जुने टिळकपक्षीय धागे पाहता त्यात अशक्य काही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अहमदाबादला सावरकर हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले.

काँग्रेस सरकार आलं असतं तर त्यानेही त्यांना सोडलंच असतं, असं म्हणणारे आहेत. असेल. माझा मुद्दा सावरकरांच्या राजकारणाचा नाही, यंत्रणेचा आहे. स्थानबद्धता उठवायला विधेयक लागत नाही, वाचनं लागत नाहीत, मतदान लागत नाही. गृहखात्याची एक फाईल, मंत्र्यांची संमती, गव्हर्नरचा विरोध नसणं, आणि एक हुकूम. बहुमत नसलेलं सरकार नेमकं काय करू शकतं आणि काय करू शकत नाही याची रेघ इथे स्पष्ट दिसते. कर वाढवता येत नाही, कुळकायदा करता येत नाही, दारूबंदी आणता येत नाही. पण माणूस आत ठेवणं किंवा बाहेर सोडणं, नेमणूक, बदली, बंदी, परवाना हे सगळं कार्यकारी सहीवर चालतं. म्हणून 'काळजीवाहू', 'हंगामी', 'मध्यंतरीचं' अशी विशेषणं लावून अशा सरकारांचे महिने इतिहासातून कोरे सोडले की हुकुमांच्या पातळीवर काय घडलं ते निसटतं. तुमच्यापैकी कुणाला स्थानिक इतिहास लिहायचा असेल, तर एप्रिल ते जुलै १९३७ मधल्या सरकारी राजपत्रांतल्या नेमणुका आणि नामनियुक्त्या काढून बघा. लोकल बोर्डं, नगरपालिका, शाळा समित्या यांत कुणाची वर्णी लागली हे तिथे सापडतं, आणि अशा सरकारांच्या मागे कोण उभं होतं याचा माग त्यातून जसा लागतो तसा भाषणांतून लागत नाही.

आता चारही नावं पुन्हा एकत्र बघा. साताऱ्याचे पारशी कारखानदार, गुजराती बॅरिस्टर, धारवाडचे लिंगायत, मुंबईचे खोजा. ज्या विधानसभेत मराठ्यांना ७ आणि अस्पृश्य वर्गांना १५ राखीव जागा होत्या, त्या प्रांताच्या पहिल्या मंत्रिमंडळात एकही मराठा नाही आणि एकही दलित नाही. ब्राह्मणेतरांचं म्हणवणाऱ्या मंत्रिमंडळात मराठा नसावा, यापेक्षा त्या पक्षाच्या अवस्थेचं दुसरं प्रमाणपत्र नको. आणि खेरांची तुलना करायची तर तीही सरळ करावी: खेर, मुन्शी, लठ्ठे, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर, नुरी आणि लक्ष्मण माधव पाटील या सात जणांतही दलित मंत्री नव्हता. उलट मद्रासमध्ये कुर्मा वेंकट रेड्डी नायडू यांच्या अशाच अल्पायुषी मंत्रिमंडळात एम. सी. राजा होते. हे राजा म्हणजे १९३२ मध्ये नागपूरच्या डॉ. मुंजे यांच्याशी करार करणारे दलित पुढारी. बहुमत नव्हतं म्हणूनच कदाचित तिथे आघाडीची चटई जरा लांब अंथरावी लागली.

अशी सरकारं फक्त मुंबईत नव्हती. संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, बिहारमध्ये मोहम्मद युनूस, ओरिसात पार्लाकिमिडीचे महाराज. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे मध्यप्रांत-वऱ्हाड, कारण आजचा विदर्भ त्यात होता. तिथे ११२ पैकी ७० च्या आसपास जागा काँग्रेसकडे, म्हणजे निर्विवाद बहुमत. तरी नागपूरला एप्रिलमध्ये बॅरिस्टर ई. राघवेंद्र राव यांचं मंत्रिमंडळ बसलं. राव बिलासपूरचे, एके काळचे स्वराज्य पक्षाचे, आणि १९३६ मध्ये काही महिने त्या प्रांताचे हंगामी गव्हर्नर राहिलेले. त्यांच्या सहकाऱ्यांत अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांचे चिरंजीव बा. ग. खापर्डे होते आणि अहेरीचे जमीनदार धर्मराव भुजंगराव होते. गडचिरोलीच्या राजकारणात अहेरीचं घराणं आजही ऐकू येतं, त्याची ही जुनी पायरी. १४ जुलैला तिथे डॉ. ना. भा. खरे आले.

शेवट कसा झाला ते आता पटकन. एप्रिल ते जून कागदी लढाई चालली. गांधीजी म्हणत होते, गव्हर्नरचं आणि मंत्र्यांचं टोकाचं मतभेदाचं प्रकरण झालं तर गव्हर्नरने मंत्र्यांना बडतर्फ करावं, उगाच राजीनामा द्यायला भाग पाडू नये, एवढं तरी मान्य करा. भारतमंत्री लॉर्ड झेटलंड लंडनहून आणि व्हाइसरॉय लिनलिथगो इथून शब्द तोलून उत्तरं देत होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर लिनलिथगो यांचं सविस्तर निवेदन आलं. गव्हर्नर रोजच्या कारभारात हात घालणार नाहीत, संघर्ष टाळण्याचा प्रयत्न करतील, असा त्याचा सूर. मागितलेली हमी ती नव्हतीच, पण माघारीला पुरेसं आवरण होतं. ७ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्ता स्वीकारायची परवानगी दिली. त्या घडीला सहाही प्रांतांतल्या या मंत्रिमंडळांचं प्रयोजन संपलं. कूपर यांनी राजीनामा दिला. गव्हर्नर ब्रेबोर्नही तोवर राहिले नव्हते. मेअखेर त्यांच्या जागी सर रॉबर्ट बेल हंगामी गव्हर्नर म्हणून आले होते.

सरकार तेव्हा पावसाळ्यात पुण्याला असे. मुंबई विधानसभेची पहिली बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये १९ जुलै १९३७ ला भरली. म्हणजे सभागृह भरलं आणि खेर सत्तेवर आले तो दिवस एकच. २१ तारखेला गणेश वासुदेव मावळणकर अध्यक्ष झाले. हेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. पहिल्या अधिवेशनातले तेव्हाचे गाजलेले वाद मंत्र्यांच्या पगारावरून झाले. काँग्रेसने महिना ५०० रुपये ठरवले होते आणि डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकावर कडक टीका केली. कूपर यांच्या कारकिर्दीचा हिशेब कुणी फारसा मागितलाच नाही.

सभागृहासमोर खरोखर गेलेलं आणि तिथे पडलेलं त्या वर्षीचं मंत्रिमंडळ पाहायचं असेल तर वायव्य सरहद्द प्रांताकडे बघा. तिथे साहेबजादा अब्दुल कय्यूम यांचं सरकार सप्टेंबर १९३७ मध्ये अविश्वास ठरावाने गेलं. 'पडलं' हे क्रियापद त्यांना शोभतं.

आता यादीचं. सर धनजीशा कूपर, १ एप्रिल ते १९ जुलै १९३७. बाळ गंगाधर खेर, १९ जुलै १९३७ ते नोव्हेंबर १९३९. मग भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसचे राजीनामे, आणि १९४६ पर्यंत ९३ व्या कलमाखाली गव्हर्नरचं राज्य. ही जागा यादीत मोकळी दाखवा, रेघ ओढून खेरांची दोन पर्वं जोडू नका. १९४६ ला पुन्हा खेर, १९५२ पासून मोरारजी देसाई, १९५६ च्या पुनर्रचनेनंतर यशवंतराव चव्हाण. विदर्भातल्या वाचकांसाठी वेगळा रकाना करा: राघवेंद्र राव, खरे, रविशंकर शुक्ल. मराठवाडा निजामाच्या हैदराबादेत होता, त्याला यातलं कुठलंच नाव लागू नाही. आणि आज सातारा जिल्ह्यात मोडणारा फलटणचा भाग आणि औंध ही तेव्हा संस्थानं होती. कूपर काय किंवा खेर काय, दोघांचाही अंमल तिथे नव्हता, तेवढी तळटीप स्मरणिकेत जरूर टाका. तिथला कुणीतरी वाचक पत्र पाठवणारच.